कॅसेट नसलेला मारिओ: 'बीएस सुपर मारिओ यूएसए' पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

मारिओचा एक खेळ असा आहे की त्याची कॅसेट कधी निघालीच नाही. १९९६ साली तो जपानमध्ये उपग्रहावरून आला. चार भाग, दर आठवड्याला एक. ठरलेल्या वेळी जे टीव्हीसमोर हजर होते ते खेळले, बाकीच्यांचा राहिला. त्याचं नाव 'बीएस सुपर मारिओ यूएसए पॉवर चॅलेंज'. यातलं 'बीएस' म्हणजे ब्रॉडकास्ट सॅटेलाइट. जपानबाहेर तो गेला नाही आणि जपानमध्येही पुढे कधी विकायला आला नाही.

या खेळाबद्दल कुठेतरी ओझरतं वाचून येणारे बहुतेक जण एकच चूक करतात. फाइल शोधतात, एम्युलेटरवर (जुन्या गेमयंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) लावतात, पाच मिनिटं भाजी उपटतात आणि "हे तर जुनंच मारिओ टू आहे की" म्हणून बंद करतात. त्यांचं खरंही असतं, कारण त्या फाइलमध्ये अर्धाच खेळ आहे. उरलेला अर्धा हवेतून येत होता, आवाजाच्या रूपात. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्यांत फाइल बरीच उशिरा येते. घाई असली तरी क्रम मोडू नका.

पायरी पहिली: नावांचा गुंता सोडवा

'सुपर मारिओ ब्रदर्स २' या नावाचे खेळ दोन आहेत, हे आधी पक्कं करा. जपानमध्ये जून १९८६ मध्ये जो 'दोन' आला तो पहिल्या मारिओसारखाच दिसतो, फक्त जीव काढतो. तो अमेरिकेतल्या पोरांना झेपणार नाही असं ठरलं. मग तिथे दुसरं काय द्यायचं? मारिओ बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीकडे १९८७ चा एक वेगळाच खेळ होता, 'युमे कोजो: दोकी दोकी पॅनिक'. फुजी टेलिव्हिजनच्या एका महोत्सवासाठी तो केलेला, आणि त्यात इमाजिन नावाचा मुलगा, त्याचे आईबाबा आणि लीना अशी चार पात्रं होती. त्या चौघांच्या जागी मारिओ, लुइजी, टोड आणि प्रिन्सेस बसवली गेली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत तो 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून विकला गेला.

पुढची गंमत अशी की हा अमेरिकन 'दोन' १९९२ मध्ये परत जपानमध्ये आला. तिथे 'दोन' हा आकडा आधीच वापरलेला, म्हणून नाव पडलं 'सुपर मारिओ यूएसए'. माहेरी आलेल्या लेकीला सासरच्या गावाच्या नावाने हाक मारावी, तसला प्रकार. १९९३ मध्ये सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या घरगुती गेमयंत्रावर 'सुपर मारिओ कलेक्शन' आलं, त्यात याच खेळाची रंगीत, सजवलेली आवृत्ती होती. आपला १९९६ चा खेळ या सजवलेल्या आवृत्तीवर उभा आहे. कथेच्या दृष्टीने तो यूएसएचा पुढचा भाग.

पायरी दुसरी: मूळ खेळ हाताखालून घाला

याला एक आठवडा द्या. निन्टेन्डो स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वात जुना 'सुपर मारिओ ब्रदर्स २' आहे आणि 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स'ही आहे. कलेक्शनचं जपानबाहेरचं नाव हेच. शक्यतो ऑल-स्टार्समधला घ्या, कारण चित्रं तीच आहेत आणि त्यात सेव्हही करता येतं.

आपल्याकडे नव्वदीच्या दशकात ज्यांनी 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव इन वन'वाल्या कॅसेटवर पहिला मारिओ खेळला, त्यांना इथे पहिली दहा मिनिटं अगदी परक्यासारखं वाटतं. शत्रूच्या डोक्यावर उडी मारली की तो मरत नाही, तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे राहता आणि तो तुम्हाला घेऊन चालू लागतो. बटण दाबून त्याला उचलायचं आणि दुसऱ्या शत्रूवर फेकायचं. जमिनीतून डोकावणारं गवत उपटलं की भाजी निघते. तीही फेकायची. हाताला फेकायची सवय लागेपर्यंत खेळ नीरस वाटतो, एकदा लागली की सुटत नाही.

चौघांत फरक आहे. लुइजी सगळ्यात उंच उडतो पण हवेत पाय झाडतो, त्यामुळे उतरताना अंदाज चुकतो. टोड बुटका, उडी कमी, पण भाजी उपटण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. प्रिन्सेस हवेत थोडा वेळ तरंगते. नवख्यांनी तिलाच घ्यावं, यात कमीपणा काही नाही. मारिओ सगळ्यात मधला, म्हणून सराव त्याच्यावर करा.

काही गोष्टी मुद्दाम शिकून ठेवा, कारण प्रक्षेपणाच्या वेळी खेळणाऱ्यांना त्या येतात असंच धरलेलं होतं. जमिनीतून औषधाची बाटली निघाली तर ती लगेच फेकू नका. फेकली तिथे दार उघडतं आणि पलीकडे तीच जागा, पण आरशातल्यासारखी उलटी, काळोखी. तिथे थोडाच वेळ मिळतो. योग्य जागी दार उघडलं तर मशरूम मिळतो आणि त्या स्टेजपुरती मार सोसायची ताकद एकाने वाढते. चुकीच्या जागी उघडलं तर नुसती नाणी. म्हणून बाटली हातात धरून थोडं पुढे-मागे चालून बघायची सवय लावा.

किल्ली उचलली की भिंतीवरचा मुखवटा जिवंत होऊन मागे लागतो. जपानीत त्याला 'कामेन' म्हणतात, इंग्रजी आवृत्तीत 'फँटो'. किल्ली खाली टाकली की तो निघून जातो. हे ठाऊक नसलेला माणूस त्याच स्टेजमध्ये वीस लाइफ घालवतो.

गुलाबी रंगाचा, डोक्यावर रिबन लावलेला प्राणी तोंडातून अंडी फेकतो. इंग्रजीत 'बर्डो', जपानीत चक्क 'कॅथरिन'. उडत येणाऱ्या अंड्यावर उभं राहायचं, ते उचलायचं आणि तिलाच परत मारायचं, तीन वेळा. सगळ्यात शेवटी बेडकासारखा जाडजूड राजा, इंग्रजीत 'वॉर्ट', जपानीत 'मामू'. त्याला भाज्या आवडत नाहीत. बुडबुडे सोडायला त्याने तोंड उघडलं की त्यात भाजी फेकायची, सहा वेळा. जेवायला नखरे करणाऱ्या पोरांना दाखवण्यासारखा शेवट आहे.

खेळात सात जगं, वीस स्टेज. सगळी पार करायलाच हवीत असं नाही. पहिली तीन जगं सहज जमू लागली की पुढच्या पायरीला या.

पायरी तिसरी: यंत्र समजून घ्या

२३ एप्रिल १९९५ ला निन्टेन्डोने जपानमध्ये 'सॅटेलाव्ह्यू' सुरू केलं. सुपर फॅमिकॉमच्या पोटाखाली बसणारा एक डबा, वर कॅसेटच्या खाचेत 'बीएस-एक्स' नावाची खास कॅसेट, आणि त्या कॅसेटच्या डोक्यात खोचायचा छोटा मेमरी पॅक. शिवाय घरात उपग्रहाची तबकडी आणि बीएस ट्यूनर हवा. म्हणजे मुळातच हा खेळ मोजक्या घरांत पोचणार होता.

प्रक्षेपण करणारी भागीदार कंपनी होती 'सेंट गिगा', आणि तिच्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हे मुळात उपग्रह रेडिओ केंद्र. त्यांचा कार्यक्रम घड्याळापेक्षा भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर बेतलेला असे, आणि समुद्राचे, पक्ष्यांचे आवाज तासन्‌तास लागत. असं केंद्र अर्थातच पैशाच्या अडचणीत आलं, निन्टेन्डोने त्यात पैसे घातले आणि लाटांच्या आवाजाच्या जागी संध्याकाळी मारिओ येऊ लागला. १९९९ मध्ये निन्टेन्डो बाहेर पडलं आणि ३० जून २००० ला सॅटेलाव्ह्यूची सेवाच संपली.

यंत्र सुरू केलं की एक छोटं गाव दिसे. तुमचं पात्र त्या गावात फिरे आणि एकेका इमारतीत शिरून त्या वेळी चालू असलेला कार्यक्रम किंवा खेळ उतरवून घेई. बीएस-एक्स कॅसेटच्या पूर्ण नावाचा अर्थ होतो, 'नाव चोरीला गेलेल्या गावाची गोष्ट'. कॅसेटमधला सेल संपला की तुम्ही घातलेलं नावही पुसलं जातं.

पायरी चौथी: 'साउंडलिंक' म्हणजे काय ते कानांनी समजा

अख्ख्या विषयाची ही मेख आहे. मेमरी पॅकची क्षमता आठ मेगाबिट, म्हणजे एक मेगाबाइट. सीडीच्या दर्जाचा तासभर आवाज साठवायला सहाशे मेगाबाइटच्या वर जागा लागते. तेव्हा संवाद, निवेदन आणि संगीत पॅकवर मावणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी युक्ती केली. खेळ आधी पॅकवर उतरवायचा, आणि ठरलेल्या तासात आवाज उपग्रहावरून थेट सोडायचा. पडद्यावरचं चित्र तुमच्या यंत्रातून, कानावर पडणारा आवाज आकाशातून, आणि दोन्हीची सांगड घड्याळाने घातलेली. या पद्धतीचं नाव 'साउंडलिंक'.

आपल्याकडे टीव्हीचा आवाज बंद करून आकाशवाणीवरचं मराठी धावतं वर्णन लावायची पद्धत होती. चित्र इकडचं, आवाज तिकडचा. ज्यांनी असा क्रिकेटचा सामना पाहिलाय त्यांना साउंडलिंक एका वाक्यात समजेल. फरक इतकाच की इथे बॅट तुमच्या हातात. किंवा श्रुतिका म्हणा हवं तर, जिच्यात पात्रं बोलत राहतात आणि तुम्ही मधल्या मोकळ्या जागेत धावत असता.

याचे खेळावर होणारे परिणाम नीट लक्षात घ्या. एक, इथे मनाला येईल तेव्हा खेळ थांबवून चहाला जाता येत नव्हतं, वेळ पुढे सरकतच राहायची. दोन, अमुक मिनिटाला अमुक घडणार हे आधीच बांधलेलं, मग तुम्ही कुठल्याही कोपऱ्यात असा. तीन, गुणांना महत्त्व आलं. मूळ खेळात गुण नावाचा प्रकारच नाही, शेवट गाठला की झालं. या प्रक्षेपित आवृत्तीत वेळ बांधलेली, म्हणून तेवढ्या वेळात किती जमवलं याला अर्थ आला. लपवलेल्या मारिओच्या सोनेरी मूर्ती शोधणं हा त्यातला नवा उद्योग. नावातलं 'चॅलेंज' तिथून आलं असावं.

पायरी पाचवी: आधी बघा, मग खेळा

त्या काळच्या काही जपानी घरांत प्रक्षेपण व्हीएचएस टेपवर उतरवून ठेवलं गेलं. त्यातली काही रेकॉर्डिंग आज व्हिडिओंच्या साइटवर सापडतात. शोधताना जपानी लिपीतलं नाव वापरा. उच्चार साधारण 'बीएस सूपा मारिओ यूएसए पावा चारेन्जी'. भाषांतराच्या ॲपमध्ये इंग्रजी नाव टाकलं की जपानी अक्षरं मिळतील, ती जशीच्या तशी चिकटवा. रोमन लिपीत शोधून जेवढं मिळतं त्याहून बरंच जास्त असं सापडतं.

पाहताना एकदा पडदा झाकून फक्त ऐका. जपानी येत नसली तरी चालेल. निवेदकाचा सूर कुठे चढतो, पात्रं कधी एकमेकांना चिडवतात, गडबड कधी सुरू होते, हे भाषेवाचून कळतं. मग पडदा उघडून तोच भाग पुन्हा बघा.

मारिओच्या आधी 'बीएस झेल्दा नो देन्सेत्सु'ची एखादी झलक पाहिलीत तर आणखी सोपं जाईल. तोही ऑगस्ट १९९५ पासून असाच चार भागांत आलेला साउंडलिंक खेळ. त्याच्यावर चाहत्यांनी खूप मेहनत घेतल्यामुळे पद्धत कशी चालायची ते त्यात स्वच्छ दिसतं.

पायरी सहावी: फाइल आणि एम्युलेटर

फाइल कुठे मिळते ते मी सांगणार नाही. हक्क निन्टेन्डोचे आहेत आणि खेळ विकायला नाही म्हणून हक्क संपले असं होत नाही. तुम्ही स्वतः पॅकवरून डेटा काढलेला असेल तर पुढचं उपयोगी पडेल.

सॅटेलाव्ह्यूच्या फाइलींना बहुधा 'डॉट बीएस' असं शेपूट असतं. त्या एकट्या चालत नाहीत, बीएस-एक्स कॅसेटचीही प्रत लागते. नवख्यांसाठी मी 'मेसेन' सुचवेन. तो सॅटेलाव्ह्यू ओळखतो आणि त्यात खेळाला दाखवायची तारीख आणि वेळ हाताने ठरवता येते. साउंडलिंकच्या खेळांत घड्याळालाच महत्त्व, म्हणून ही सोय सोन्यासारखी. 'एसएनईएस नाइन एक्स' आणि 'बीस्नेस'वरही काम होतं.

फाइल उघडली पण खेळ सुरूच होत नाही, असं झालं तर घाबरू नका. दर फाइलीच्या सुरुवातीच्या नोंदीत प्रक्षेपणाची तारीख असते आणि खेळ आणखी किती वेळा सुरू करता येईल हेही लिहिलेलं असतं. भाड्याच्या सायकलसारखं, ठरलेल्या फेऱ्या संपल्या की संपलं. फेऱ्या संपलेला पॅक उतरवला असेल तर फाइलही तशीच येते. ती नोंद दुरुस्त करण्याची साधनं आहेत, मात्र आधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा आणि दुरुस्ती प्रतीवर करा.

चार भाग म्हणजे चार वेगळे डेटा. आपल्या हातात कुठला आठवडा आहे ते आधी बघा, नाहीतर तिसरा भाग पहिला समजून गोष्ट लागत नाही म्हणून डोकं आपटत बसाल. आणि शांततेची तयारी ठेवा. संवाद फाइलीत नाहीतच, त्यामुळे मारिओ मध्येच कारण नसताना थांबल्यासारखा वाटेल, काही क्षण काहीच घडणार नाही. त्या मोकळ्या जागांत तिकडे कोणीतरी बोलत होतं. पाचव्या पायरीत पाहिलेलं रेकॉर्डिंग शेजारी लावून, सुरुवात जुळवून खेळा. दोन-तीन सेकंदांचा फरक राहतो, पण चालतं. माझ्या मते आज हा खेळ खेळण्याची हीच खरी रीत.

जपानीचं काय?

फारसं काही अडत नाही. 'हाय' म्हणजे हो, 'इइए' म्हणजे नाही, आणि पडद्यावरचे बरेचसे शब्द इंग्रजीवरून घेतलेले, काताकाना लिपीत लिहिलेले. काताकाना पंधरा दिवसांत वाचता येते. आपल्या बाराखडीसारखीच ती अक्षरांमागच्या स्वरांनी चालते, त्यामुळे मराठी माणसाला ती इंग्रजी माणसापेक्षा लवकर जमते असा माझा अनुभव आहे. बाकीच्यासाठी फोनचा कॅमेरा भाषांतराला लावा.

हार्डवेअर घ्यायचा मोह झाला तर

नवख्यांनी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. सिग्नल कधीच बंद झालाय. आज सॅटेलाव्ह्यू म्हणजे सुपर फॅमिकॉमखालचा देखणा पाट.

तरीही जपानहून सुपर फॅमिकॉम मागवलात, तर एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. तिकडचा ॲडॉप्टर सरळ आपल्या प्लगमध्ये घातला तर धूर निघतो. माझ्या एका मित्राने पिन बदलणारा साधा कन्व्हर्टर लावला आणि त्याला वाटलं काम झालं. त्याने पिन बदलली, व्होल्ट तेवढेच राहिले. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, १०० व्होल्टचा, आणि अमेरिकेसाठीचा ११० चा दुकानदार गळ्यात मारतोय का ते बघा.

आणि मेमरी पॅक हाती आलाच तर

जुन्या सामानाच्या लिलावात किंवा जपानहून परतलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या खोक्यात बीएस मेमरी पॅक सापडला, तर तो लगेच यंत्रात घालून बटणं दाबू नका. असे पॅक पुन्हा पुन्हा वापरले जायचे. पुढच्या आठवड्याचा खेळ उतरवला की मागचा बहुधा पुसला जायचा. म्हणून त्या पॅकवर शेवटी काय उरलंय ते बाहेरून कळत नाही, आणि जे उरलंय ते दुसऱ्या कुठल्याच पॅकवर नसेल असंही होऊ शकतं. बीएस-एक्सच्या पडद्यावर पॅक साफ करण्याचा पर्याय असतो. जपानी न वाचता 'हाय' दाबत गेलात तर तो एका क्षणात कोरा होईल. पॅक कोरड्या जागी, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. त्याच्या पाठीवरचं लेबल आणि त्यावर कोणी हाताने काही लिहिलं असेल तर त्याचा फोटो काढा, कारण बरेच जण आतल्या खेळाचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवत. डेटा काढण्याचं यंत्र असलेल्या जाणत्याकडून आधी त्याची प्रत करून घ्या, आणि ती झाल्यावरच पॅक सुपर फॅमिकॉममध्ये घाला.